मेडिकलवर सर्टिफिकेट तुमचं, मग नोटीस पण तुमचीच : फार्मासिस्टवर कारवाई कशी होते आणि तोंड कसं द्यायचं

खान्देशात डी.फार्म, बी.फार्म झालेल्यांची काही कमी नाही भो, शिरपूर, चोपडा, फैजपूर, जळगाव, जिकडे जाल तिकडे कॉलेज. तरी तालुक्याच्या एखाद्या मेडिकलवर भर दुपारी जाऊन बघा. काउंटरवर बारावी झालेला पोऱ्या फटाफट पत्ते कापून देतोय आणि भिंतीवर काचेत ज्याचं सर्टिफिकेट लटकलंय तो माणूस वापीला नाहीतर अंकलेश्वरला कंपनीत शिफ्ट करतोय. हे सगळ्यांना माहिती, मालकाला माहिती, शेजारच्या डॉक्टरला माहिती, गिऱ्हाइकाला पण माहिती. माहिती नसते ती एकच गोष्ट, की लफडं झालं तर कोणाचं काय जातं.

हे लिहितोय ते त्या काचेतल्या माणसासाठी. आणि जो रोज खरंच दुकानात उभा राहतो त्याच्यासाठी पण, कारण नोटीस त्यालाही येते.

आधी फायली वेगळ्या करा

सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. नोटीस आली की लोक म्हणतात "एफडीएचं काहीतरी आलंय, मालक बघून घेईल". एफडीए म्हणजे राज्याचं अन्न व औषध प्रशासन. मालक त्याचं बघेल, तुमचं नाही. एकाच प्रकरणातून तीन वेगवेगळ्या फायली तयार होऊ शकतात आणि तिन्ही वेगळ्या टेबलावर चालतात.

पहिली फाइल दुकानाच्या परवान्याची. रिटेलचे परवाने म्हणजे फॉर्म २० आणि २१, ते एफडीएचे सहायक आयुक्त देतात आणि तेच निलंबित किंवा रद्द करू शकतात, औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमातल्या नियम ६६ खाली. ही फाइल मालकाची. दुसरी फाइल तुमच्या नावाची, म्हणजे महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलच्या रजिस्टरवर जे नाव आहे त्याची. ते नाव काढायचा अधिकार फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ३६ मध्ये आहे, आणि तो कौन्सिलच्या कार्यकारी समितीकडे असतो. ड्रग इन्स्पेक्टरला तुमचं रजिस्ट्रेशन रद्द करता येत नाही, तो रिपोर्ट पाठवू शकतो, बस. तिसरी फाइल कोर्टाची, ती प्रत्येक वेळी होत नाही, पण नशेच्या गोळ्या, विनापरवाना विक्री, बनावट माल असलं काही निघालं तर होतेच.

मालकाचा परवाना दहा-पंधरा दिवस निलंबित झाला तर त्याचा तेवढ्या दिवसांचा गल्ला बुडतो. तुमचं नाव रजिस्टरवरून गेलं तर पोटापाण्याचाच प्रश्न आहे. म्हणून मालकाच्या वकिलाने टाईप केलेल्या खुलाशावर डोळे झाकून सही करू नका. मालकाचा वकील तुमचा वकील नाही. बऱ्याचदा त्या खुलाशात एक ओळ हळूच घुसवलेली असते, "सदर बाबीची जबाबदारी नोंदणीकृत फार्मासिस्ट यांची असून दुकानमालकास याची कल्पना नव्हती". त्याच्याखाली सही तुमची!

आणि काउंटरवरच्या पोऱ्याचं काय? अमेरिकेत फार्मसी टेक्निशियन म्हणून वेगळा माणूस असतो, बऱ्याच राज्यांत त्याचं पण लायसन्स किंवा नोंदणी असते, चोरीबिरी केली की राज्याचं बोर्ड त्याच्यावर स्वतंत्र कारवाई करतं. आपल्याकडे तसं रजिस्टरच नाही. पोऱ्याचं नाव कुठे नोंदलेलंच नाही तर काढणार काय? पण म्हणून तो सुटला असं नाही, कारण फार्मसी कायद्याचं कलम ४२ म्हणतं की नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणीही डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध द्यायचं नाही, आणि २०२३ च्या जनविश्वास कायद्यानंतर त्याची शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी झालीय. आधी दंड जास्तीत जास्त हजार रुपये होता म्हणून कोणी मनावर घ्यायचं नाही.

गैरवर्तन म्हणजे नेमकं काय काय

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१५ साली फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स काढले, त्यात व्यावसायिक गैरवर्तनाची यादीच दिलीय. कॉलेजात हे कोणी धड शिकवत नाही, परीक्षेपुरतं पाठ करून सोडून देतात. त्यातलं आपल्याकडे रोज घडणारं तेवढं सांगतो.

पहिलं म्हणजे सर्टिफिकेट मालकाला देऊन स्वतः दुकानात न जाणं. हे थेट, नाव घेऊन लिहिलंय, यात "तसा अर्थ निघत नाही साहेब" म्हणायला जागा नाही. एकापेक्षा जास्त दुकानांवर नाव असणं हे पण. नोंदणी प्रमाणपत्र किंवा रिन्यूअल दुकानात लावलेलं नसणं हे सुद्धा गैरवर्तनात येतं, लोकांना ते किरकोळ वाटतं. पेशंटच्या चिठ्ठ्यांचं आणि दिलेल्या औषधांचं रेकॉर्ड पाच वर्षं ठेवायचं आणि पेशंटने मागितलं तर ७२ तासांत द्यायचं, ते नाही दिलं तर तेही. पेशंटची माहिती बाहेर फोडणं हे तर आपल्या गावात इतकं सहज होतं की काही विचारू नका, "अमक्याची सून टीबीच्या गोळ्या नेते" हे पारावर कुठून कळतं? मेडिकलवरूनच.

बाकी औषध कायद्याचं उल्लंघन म्हणजे पण गैरवर्तनच. शेड्यूल एच वन म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या आणि वेगळी नोंद ठेवायच्या औषधांची यादी, तिचं रजिस्टर नसणं हे जवळपास प्रत्येक तपासणीत निघतं. १ मार्च २०१४ पासून ते लागू आहे, तिसऱ्या पिढीतले सेफॅलोस्पोरिन, टीबीची औषधं, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम असली औषधं त्यात येतात, वेगळ्या रजिस्टरला डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं हे लिहायचं आणि ते तीन वर्षं सांभाळायचं. रोज संध्याकाळी दहा मिनिटांचं काम आहे. पण महिनाअखेरीला एका बैठकीत, एकाच पेनाने, एकाच अक्षरात भरलेलं रजिस्टर इन्स्पेक्टरला लगेच ओळखू येतं, त्यापेक्षा चार दिवस कोरं असलेलं खरं रजिस्टर परवडलं.

डॉक्टरने एक ब्रँड लिहिलाय आणि तुम्ही "तोच कंटेंट आहे, घ्या" म्हणून दुसरा दिला, शेड्यूल एच, एच वन, एक्स या चिठ्ठीवरच द्यायच्या याद्यांमधल्या औषधात हे नियमाने चालत नाही, आतलं औषध तेच असलं तरी नाही. स्टॉकमध्ये नसेल तर डॉक्टरला फोन करा, चिठ्ठी बदलून आणायला सांगा. कटकट आहे, मान्य. तशीच कटकट एका चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा औषध देण्याची, डॉक्टरने तसं लिहिलं नसेल तर एकदाच द्यायचं. खेड्यावरून आलेली आजी सांगते, "भाऊ, माले तीच गोळी दे, मांगे दिन्ही व्हती ती", आणि आपण देतो. ती गोळी बीपीची असते तोवर सगळे कानाडोळा करतात. झोपेची निघाली की मग कोणी ओळख देत नाही.

शिरपूरला सेंधव्याच्या डॉक्टरची, रावेरला बऱ्हाणपूरची, नवापूर-तळोद्याला सुरतची चिठ्ठी रोज येते. ती चालते, डॉक्टर नोंदणीकृत पाहिजे, राज्य कोणतं का असेना. फक्त चिठ्ठीवर तारीख, सही, पेशंटचं नाव-पत्ता, डोस आणि एकूण किती हे बघा. परराज्यातली चिठ्ठी मोबाईलवरचा फोटो म्हणून दाखवतात आणि अल्प्राझोलामचे पाच पत्ते मागतात, तिथे नाही म्हणायचं. मालेगाव-धुळे पट्ट्यात त्या गोळीला काय म्हणतात सगळ्यांना ठाऊक आहे, कुत्ता गोळी. ती एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात बसते, म्हणजे तिसरी फाइल थेट पोलीस स्टेशनला उघडते आणि तिथे खुलासाबिलासा मागत बसत नाहीत. गर्भपाताच्या किटचं पण तसंच, चिठ्ठी आणि बिलाशिवाय एक किट जरी गेलं तरी ते कोणाच्या जिवावर बेतेल आणि माग काढत कोण येईल सांगता येत नाही.

नाव अडकलंय, बाहेर कसं पडायचं

समजा तुम्ही नोकरी सोडली, किंवा खरं सांगायचं तर कधी गेलाच नव्हता, आणि आता तिथून नाव काढायचंय. फोनवर "काका, माझं नाव काढून टाका हं" एवढ्याने काही होत नाही. काका हो म्हणतात आणि दुसरा फार्मासिस्ट मिळेपर्यंत वर्ष काढतात. तोवर त्या दुकानाच्या प्रत्येक बिलाला कागदावर तुम्हीच जबाबदार.

राजीनामा लेखी द्या, तारीख टाकून, "दि. अमुकपासून मी सदर दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून कार्यरत नाही" एवढं स्पष्ट. मालकाची सही-शिक्क्याची पोच घ्या. तो पोच देत नसेल, आणि बहुतेक देत नाहीत, तर पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तर स्पीड पोस्टाने पाठवून डिलिव्हरीचा पुरावा प्रिंट काढून ठेवा. त्याच दिवशी त्याची एक प्रत जिल्ह्याच्या एफडीए ऑफिसला सहायक आयुक्तांच्या नावे, इनवर्डचा शिक्का आपल्या प्रतीवर घेऊन, आणि एक कौन्सिलला. फार्मासिस्ट बदलल्याचं कळवणं मालकाचं काम आहे हे खरं, पण त्याने नाही कळवलं तर तुम्ही कळवलं होतं हा कागद तुमच्याकडे पाहिजे. एफडीएच्या ऑनलाइन सिस्टीमवर पण तुमचं नाव त्या परवान्याला जोडलेलं असतं, ते तिथून निघालं का हे स्वतः तपासा, कारण ते निघाल्याशिवाय दुसऱ्या दुकानावर नाव लागताना अडचण येतेच.

ओरिजिनल सर्टिफिकेट हातात घ्या. मालक अडवून ठेवत असेल, "आधी दुसरा माणूस आणून दे" म्हणत असेल, तर तसं लेखी लिहून एफडीएला आणि पोलीस स्टेशनला तक्रार अर्ज द्या. गावात वाईटपणा येतो, काका वडिलांना फोन करतात, नातं निघतं. तरी द्या.

एक गोष्ट लोक विसरतात. तुम्ही कंपनीत नोकरीला असाल तर तुमचा पीएफ तिकडे कापला जातोय, बायोमेट्रिक हजेरी तिकडे लागतेय, पगार तिकडच्या बँकेत येतोय, एम.फार्म करत असाल तर कॉलेजची हजेरी आहे. आणि इकडे दुकानाच्या मस्टरवर त्याच तारखांना तुमची सही, बिलांवर तुमची सही. कोरी बिलबुकं आधीच सह्या करून ठेवायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. हे दोन कागद एकाच टेबलावर शेजारी शेजारी आले की तोंड उघडायला जागा उरत नाही, आणि ते आणायला तुमच्याच गावातला तुमच्यावर जळणारा एक माणूस पुरेसा आहे, माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा की झालं.

साहेब आले तर

२०१२ च्या सुमारास महेश झगडे एफडीएचे आयुक्त होते तेव्हा फार्मासिस्ट दुकानात आहे की नाही यावर राज्यभर तपासण्या झाल्या, केमिस्टांनी बंद पुकारले, मोठा राडा झाला होता. तेव्हापासून एक सवय लागली ती अजून गेली नाही. साहेबांची गाडी गावात शिरली की व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो आणि स्टेशन रोडची शटरं एकामागोमाग खाली येतात. यात शहाणपणा काही नाही, बंद दुकानाची पण नोंद होते आणि मग तुमच्याकडेच पहिल्यांदा येतात. आणि आत असताना कागद द्यायला नकार दिला, अडवाअडवी केली तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २२ खाली तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे.

दुकानात थांबा, पांढरा एप्रन घाला, नाव आणि रजिस्ट्रेशन नंबरचा बॅज लावा, तेही रेग्युलेशनमध्ये आहे. मागतील ते रजिस्टर काढून द्या. फॉर्म ३५ चं इन्स्पेक्शन बुक समोर ठेवा. आता इथे लक्ष द्या, कारण पुढची सगळी केस त्या पानावर उभी राहते. इन्स्पेक्टर लिहितो तेव्हा वाचा. "फार्मासिस्ट गैरहजर" आणि "फार्मासिस्ट १२.४० वाजता हजर झाले" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुम्ही शेजारी चहा प्यायला गेला होता आणि पाच मिनिटांत आला तर ती वेळ लिहायला सांगा. एक्सपायरीचा माल वेगळ्या खोक्यात, "विक्रीसाठी नाही" असं लिहून, स्टॉकिस्टला परत करायला ठेवलेला असेल तर तो तसाच सापडला हे लिहू द्या, नाहीतर रिपोर्टमध्ये नुसतं "मुदतबाह्य औषधे आढळली" एवढंच राहतं. फिजिशियन सॅम्पल आणि सरकारी पुरवठ्याच्या गोळ्या मात्र दुकानात कुठल्याच खोक्यात नकोत, त्याला उत्तर नाही. पटत नसेल ते नम्रपणे सांगा, तरी नाही लिहिलं तर सही करताना खाली दोन ओळी स्वतःच्या लिहा. भांडू नका, आरडाओरडा करून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही. निघताना प्रत घ्या. माल जप्त केला तर फॉर्म १६ ची पावती, नमुना घेतला तर फॉर्म १७ आणि सीलबंद भागांपैकी तुमचा एक भाग. तो भाग कपाटात नीट ठेवा, गल्ल्याखाली टाकू नका.

नमुना फेल आला तर घाबरून जाऊ नका, यात रिटेलवाल्याला कायद्याने संरक्षण आहे आणि ते फार कमी जणांना माहिती असतं. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचं कलम १९ सांगतं की तुम्ही परवानाधारकाकडून रीतसर घेतला असेल, खराब आहे हे तुम्हाला माहिती नव्हतं आणि नीट काळजी घेऊनही कळलं नसतं, आणि माल तुमच्याकडे नीट साठवलेला होता, जसा आला तसाच होता, तर तुम्ही दोषी नाही. म्हणजे दोन गोष्टी सिद्ध करायच्या. एक, बॅच नंबर असलेलं खरेदीचं बिल. २०२५ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या विषारी कफ सिरपचं प्रकरण झालं, महाराष्ट्र एफडीएने पण त्या कोल्डरिफची एसआर १३ बॅच विकू नका म्हणून सांगितलं, तेव्हा ज्यांची बिलं बॅचसकट लावलेली होती ते निवांत होते, बाकीचे गोण्या उपसत बसले. बिलाशिवाय स्वस्तात मिळालेला माल म्हणूनच विषासारखा समजा, पाच टक्के जास्त सुटतात आणि कलम १९ चं छत्र जातं.

दुसरी गोष्ट साठवण, आणि ही आपल्याकडे खरी दुखरी बाजू आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्याच्या दुकानात आतला आकडा काय असेल विचार करा. त्यात लाईट जाते. इन्सुलिन, लसी दोन ते आठ अंशात पाहिजेत. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवा, दिवसातून दोनदा वहीत आकडा लिहा, लाईट गेली तर किती वाजता गेली, किती वाजता आली ते लिहा, इन्व्हर्टरचं बिल जपा. त्याच फ्रिजमध्ये दुधाची पिशवी आणि पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या इन्स्पेक्टरला दिसल्या तर तुमची वही कोण मानेल? नमुना तपासणाऱ्या सरकारी ॲनालिस्टच्या रिपोर्टची प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत तो मान्य नाही असं लेखी कळवायचं असतं, ती मुदत गेली की रिपोर्ट पक्का धरतात.

नोटीस आली, खुलासा कसा लिहायचा

पाकीट घेताना पोस्टमनला "घरी नाही" सांगून परत पाठवू नका. नोटीस न घेतल्याने फाइल थांबत नाही, फक्त तुमची बाजू न ऐकता चालते.

आधी बघा पाठवली कोणी, एफडीएने की कौन्सिलने, आणि कोणाच्या नावावर. मग मुदत बघा, नोटिशीत किती दिवस दिलेत. कमी पडत असतील तर मुदत संपायच्या आत लेखी वाढ मागा, सोबत तपासणी अहवालाची आणि तक्रार असेल तर तक्रारीची प्रत मागा. ज्यावरून आरोप केलाय तो कागद न बघता उत्तर देणं म्हणजे अंधारात काठी फिरवणं.

खुलासा मुद्देसूद. नोटिशीत जितके मुद्दे तितकी उत्तरं, त्याच क्रमाने. "मी गरीब असून घरातील एकमेव कमावता आहे, तरी दया करावी" याने सुरुवात करू नका, ते शेवटी एका ओळीत चालेल. भोंगळ खुलासा असा असतो, "त्या दिवशी तब्येत बरी नसल्याने हजर राहू शकलो नाही". आणि त्या दिवसाच्या चाळीस बिलांवर तुमची सही! आधी स्वतःची बिलं काढून बघा ना, मग लिहा. चांगला खुलासा असा दिसतो :

"मुद्दा क्र. १ : तपासणीवेळी फार्मासिस्ट गैरहजर. खुलासा : सदर दिवशी दुपारी १२.३० ते १.३० या वेळेत मी ग्रामीण रुग्णालयात उपचारासाठी गेलो होतो. केसपेपरची प्रत परिशिष्ट अ म्हणून जोडली आहे. जाताना शेड्यूल औषधांचे कपाट कुलूपबंद केले होते. या वेळेत एकच विक्री झाली असून ती साबण व डायपरची आहे. बिलाची प्रत परिशिष्ट ब. त्या दिवसाचे एच वन रजिस्टरचे पान परिशिष्ट क."

खरं असेल तरच हे. खोटा केसपेपर जोडला आणि पकडला गेला तर गैरहजेरीचं साधं प्रकरण बनावट कागदाचं होतं. चूक झालीच असेल तर ती मान्य करून, पुढे काय सुधारणा केली ते पुराव्यासकट लिहिणं हेच बरं पडतं, रजिस्टर चालू केलं त्याची पानं, दुसरा फार्मासिस्ट अर्ध्या दिवसासाठी ठेवला त्याचं नियुक्तीपत्र, बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये एच वनला चिठ्ठीची माहिती टाकल्याशिवाय बिल निघत नाही असं केलं त्याचा फोटो.

मालक आणि तुमचे जबाब वेगळे असतील तर वेगळेच द्या. दुकान तुमचंच असेल आणि नोकराने उद्योग केला असेल तर कलम ३६ मधला एक बारीक भाग तुमच्या कामाचा आहे. नोकराच्या चुकीसाठी तुमचं नाव लगेच काढता येत नाही, तुमची फूस होती किंवा तुम्ही कानाडोळा केला हे दिसलं पाहिजे, किंवा मागच्या बारा महिन्यांत तसलाच प्रकार तुमच्याकडून झालेला असला पाहिजे, किंवा दुकानातल्या नोकराकडून झालेला आणि तुम्हाला तो माहिती होता, निदान माहिती असायला हवा होता. म्हणून पहिल्या वेळेलाच पोऱ्याला लेखी समज द्या, त्याची सही घ्या, फाइलला लावा. तोंडी शिव्या घातल्याचा पुरावा नसतो.

सुनावणी आणि त्यानंतर

सुनावणीला स्वतः जा. वकील नेता येत असेल तर न्या, पण त्याला सगळं सोपवून घरी बसू नका, कारण पहिला प्रश्न असतो "तुम्ही रोज किती ते किती असता?" आणि त्याचं उत्तर वकिलाला येत नाही. कौन्सिलला पण कलम ३६ खाली बाजू मांडायची वाजवी संधी द्यावीच लागते, ती न देता काढलेला आदेश अपिलात लंगडा पडतो. तिथे काय सांगितलं ते त्याच दिवशी लेखी करून इनवर्डला टाका.

परवाना निलंबित झाला तर ठरलेल्या तारखांना शटर बंद म्हणजे बंद. मागच्या दाराने "फक्त ओळखीच्यांना" चालू ठेवतात, ती विनापरवाना विक्री धरली जाते आणि तिची शिक्षा तीन ते पाच वर्षं आहे. आदेशाविरुद्ध मालकाला तीन महिन्यांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. अपिलासोबत स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, नुसतं अपील टाकलं म्हणून निलंबन थांबत नाही.

तुमच्या नावाचं गणित वेगळं आहे आणि मुदत पण कमी. कार्यकारी समितीने नाव काढायचा आदेश दिला तरी तो राज्य कौन्सिलने कायम करावा लागतो, आणि कायम झाल्यापासून तीन महिने तो लागू होत नाही. पण अपिलाला फक्त तीस दिवस, कायम झाल्याचं तुम्हाला कळवल्यापासून, तेही राज्य सरकारकडे. लोक तीन महिन्यांचं ऐकतात आणि तीस दिवस विसरतात. सरकारचा निर्णय अंतिम, त्यापुढे जायचं तर रिट घेऊन हायकोर्टात, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांना छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ लागतं, मुंबईला पळू नका.

यात आणखी एक गल्लत बघितलीय. रिन्यूअलची फी भरली नाही म्हणून रजिस्टरवरून नाव कमी होतं, ते शिस्तीची कारवाई नव्हे, फी आणि ठरलेलं काही भरलं की नाव परत लागतं. पण त्या मधल्या काळात तुम्ही नोंदणीकृत नव्हता, आणि तेवढ्या दिवसांत दिलेलं प्रत्येक औषध कलम ४२ खाली येऊ शकतं. रिन्यूअलची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

गिऱ्हाईक म्हणून कोणी वाचत असेल तर त्याच्यासाठी थोडक्यात, दुकानाची तक्रार एफडीएकडे, टोल फ्री १८००२२२३६५ आहे, आणि फार्मासिस्टची तक्रार कौन्सिलकडे लेखी. बिल मागून घ्या, पत्त्याचा बॅच नंबर दिसेल असा फोटो काढा, भिंतीवरच्या सर्टिफिकेटवरचं नाव आणि नंबर टिपा, तारीख-वेळ लिहा. बिल नसेल तर तक्रारीत दम राहत नाही. आणि जुन्या भांडणाचा वचपा काढायला तक्रार करू नका, असल्या तक्रारींचा गठ्ठा पडल्यामुळे खऱ्या तक्रारी खाली जातात.

नाव गेलंच तर सर्टिफिकेट लगेच रजिस्ट्रारकडे जमा करावं लागतं, ते कोणाच्या भिंतीवर राहिलं तर नवीन गुन्हा. आदेशात अमुक काळ पुन्हा नोंदणी नाही असं लिहिलेलं असू शकतं, तेवढा काळ नीट वाचून घ्या. कलम ३७ प्रमाणे पुरेशी कारणं दिसली तर कौन्सिल फी भरून नाव परत लावू शकते, मात्र तुमचं अपील सरकारने फेटाळलेलं असेल तर त्याला सरकारची मंजुरी लागते. त्या अर्जासोबत मधल्या काळात काय केलं ते दाखवणारे कागद जोडा, रिफ्रेशर कोर्स केला असेल तर त्याचं प्रमाणपत्र, दंड भरल्याची पावती, कोर्टाचा निकाल असेल तर प्रमाणित प्रत. झेरॉक्सवर कोणीतरी "खरी प्रत" शिक्का मारून दिलेला चालत नाही, कोर्टाच्या नक्कल विभागातून काढा, आठ-पंधरा दिवस लागतात, म्हणून अर्ज लिहायच्या आधी तिकडे पैसे भरून ठेवा.